काळाचा काल कुणी केला?

धारवाडला माझी एक मामेबहीण राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, डोळे जवळजवळ गेलेले, पण वाचायची हौस तशीच. मी इथे काही लिहिलं की तिला मोबाइलवर पाठवतो आणि तिचा मोबाइल ते तिला मोठ्याने वाचून दाखवतो. या सोयीचं मला फार कौतुक होतं. एके दिवशी तिचा फोन आला.

"अरे, तू हिंदीत लिहायला लागलास की काय?"

"नाही गं अक्का. का?"

"मग ही बाई कोण आणलीस वाचायला? ऐक तूच."

तिने मोबाइल स्पीकरजवळ धरला. माझ्या लेखातलं वाक्य होतं, "तो काळच वेगळा होता." बाईने वाचलं, "तो कालच वेगला होता." पुढे गळ्यातल्या माळेची माले झाली, बाळाचा बाल झाला, आणि 'चमचा'तला पहिला च असा काही उच्चारला की अक्का हसत सुटली. मलाही हसू आलं. नंतर मात्र राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पुढे धारवाडला गेलो तेव्हा अक्काच्या मुलाला विचारलं. तो हुबळीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. त्याने फार विचारही केला नाही. "मामा, त्या अ‍ॅपने मजकुरात देवनागरी अक्षरं बघितली असणार. देवनागरी दिसली की हिंदी आवाज लावायचा, एवढंच लिहिलेलं असतं. तीन ओळींचं काम आहे."

"पण देवनागरी म्हणजे हिंदी हे कुणी ठरवलं?"

तो जरा ओशाळला. म्हणाला, "खरं सांगू? मीसुद्धा तसंच केलंय. फक्त हिब्रूच्या बाबतीत."

मंडळी, या हिब्रूच्या गोष्टीतच सगळी मेख आहे, तेव्हा ती आधी ऐका.

त्याच्याकडे एका परदेशी गिऱ्हाइकाचं काम आलं होतं. लोक एका चौकटीत मजकूर भरणार. त्यात हिब्रू अक्षरं असतील तर तो उजवीकडून डावीकडे दाखवायचा. आता संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला दिसतो आकडा. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. हिब्रूसाठी १४२४ ते १५३५ हा पट्टा राखून ठेवला आहे, आपल्या देवनागरीसाठी २३०४ ते २४३१, कन्नडसाठी ३२०० ते ३३२७. तेव्हा मजकुरातलं एकेक अक्षर घ्यायचं, क्रमांक हिब्रूच्या पट्ट्यात पडतो का पाहायचं, पडला की उत्तर 'होय'. भाच्याने तसं केलं आणि त्या तुकड्याला नाव दिलं, 'हिब्रू आहे का'.

पहिली तक्रार आली ती अशी की इंग्रजी पत्त्यात एखादं नाव हिब्रूत असलं तरी अख्खा पत्ता उजवीकडे पळतो. बरोबरच आहे. एक अक्षर सापडलं की 'होय' म्हणायचं ठरवल्यावर दुसरं काय होणार? त्याने मग अक्षरं मोजायला सुरुवात केली. ज्या लिपीची जास्त, तिचं राज्य. त्यानंतर कळलं की काही तयार जोडरूपं हिब्रूच्या पट्ट्यात नाहीतच, ती पार लांब ६४२८५ ते ६४३३५ मध्ये बसवली आहेत. उलट गणितात अनंताच्या मोजणीसाठी वापरतात ते आलेफचं चिन्ह दिसायला हुबेहूब हिब्रू, पण त्याचा क्रमांक ८५०१, आणि युनिकोडच्या लेखी ते हिब्रू अक्षर नव्हे. इस्रायलच्या चलनाची, शेकेलची खूण दोन हिब्रू अक्षरांतून घडलेली. तिचा क्रमांक ८३६२, तीही हिब्रू अक्षरांत मोजत नाहीत.

हे सगळं त्याने निस्तरलं. मग खरी पंचाईत झाली. गिऱ्हाइकाने त्याच तुकड्याचा वापर दुसऱ्या कामाला केला: 'हिब्रू आहे का'चं उत्तर 'होय' आलं की मजकूर हिब्रू भाषेच्या भाषांतरकाराकडे पाठवायचा. एके दिवशी भाषांतरकाराने मजकूर परत पाठवला. अक्षरं हिब्रू होती, भाषा यिडिश होती.

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिची घडण जर्मन कुळातली, लिपी हिब्रू. स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू जी लादिनो बोलत, ती स्पॅनिशची बहीण, आणि तीही शेकडो वर्षं हिब्रू अक्षरांत लिहिली गेली. युनिकोडच्या हिब्रू पट्ट्यातच १५२० ते १५२२ या घरांत यिडिशसाठीची जोडअक्षरं आहेत. म्हणजे ज्या पट्ट्याकडे बोट दाखवून 'हे हिब्रू' म्हणायचं, त्याच पट्ट्यात दुसऱ्या भाषेची खोली आहे, दारावर पाटीसकट.

भाच्याची चूक हिशेबात नव्हती, नावात होती. त्याचा तुकडा विचारत होता 'हिब्रू अक्षरं आहेत का', आणि नाव सांगत होतं 'हिब्रू आहे का'. मजकुराची दिशा ठरवण्यापुरतं हे चाललं, कारण दिशा लिपीची असते. यिडिशसुद्धा उजवीकडूनच लिहितात. भाषांतराला चाललं नाही, कारण भाषांतर भाषेचं असतं. अक्षराच्या ठशाची निवड लिपीवर होईल. पण मोठ्याने वाचणं, शुद्धलेखन तपासणं, अकारविल्हे लावणं, ही भाषेची कामं आहेत. तिथे लिपी हा पुरावा नव्हे, फार तर एक धागा.

यावर कुणी म्हणेल, कुठे यिडिश आणि कुठे आपण! तर हे फार लांबचं नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायल घरात मराठी बोलत आले आणि प्रार्थना हिब्रूत करत आले. त्यांच्या वल्हांडण सणाचा प्रार्थनाग्रंथ, हगादा, १८४६ साली मुंबईत छापला गेला, त्यात हिब्रू मूळ आहे आणि मराठी भाषांतर आहे. त्यातलं एक पान आजच्या यंत्रापुढे धरा. हिब्रू आहे का? आहे. देवनागरी आहे का? आहे. म्हणजे आपल्या यंत्राच्या हिशेबाने हे पान अर्धं हिब्रू आणि अर्धं हिंदी! ज्या समाजातली माणसं इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावरही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिली, त्यांच्या मराठीला यंत्र पहिल्या फटक्यात पुसून टाकणार.

आता हुबळी-धारवाडकडे येतो. हा मजकूर तपासायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आधी गावाचं नावच घ्या. कन्नडमध्ये त्यात ळ आहे, तोही दुहेरी: हुब्बळ्ळि. मराठीत हुबळी. हिंदीत सर्रास हुबली. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव हुब्बळ्ळी झालं, पण रोमन अक्षरांत ल आणि ळ वेगळे दाखवायची सोय नाही, तेव्हा तिथे ळ दिसतच नाही. मराठी आणि कन्नड या दोन शेजारणींनी हा ळ जिवापाड जपला आहे. दोघींच्याही वर्णमालेत तो ल च्या शेजारी नसतो, ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये देवनागरी ळ चा क्रमांक २३५५ आणि कन्नड ळ चा ३२५१. दोहोंत अंतर ८९६. देवनागरी क आणि कन्नड क यांच्यातही नेमकं तेवढंच अंतर. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे जो इस्की नावाचा आराखडा झाला, त्यात सगळ्या लिप्यांची समान अक्षरं समान घरात बसवली होती, आणि युनिकोडने ती मांडणी उचलली. आपल्या लिप्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या वाड्यांसारख्या आहेत, हे यंत्राला ठाऊक आहे. वाड्यात कोण राहतं, हे मात्र त्याला वाडा बघून कळत नाही.

पट्टा बघून लिपी ठरवण्यातही एक खड्डा आहे, आणि धारवाडचा माणूस त्यात हमखास पडेल. पदाच्या, श्लोकाच्या शेवटी आपण जो दंड देतो, एकेरी किंवा दुहेरी, त्याचे क्रमांक २४०४ आणि २४०५. म्हणजे ते देवनागरीच्या पट्ट्यात बसवले आहेत. पण ते सगळ्या भारतीय लिप्यांसाठी सामायिक आहेत. कन्नड पद लिहिणाऱ्याने शेवटी दंड द्यायचा तो हाच. तेव्हा पुरंदरदासांचं निखळ कन्नड पद घ्या, शेवटी दुहेरी दंड द्या, आणि पट्ट्यावर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमला विचारा: देवनागरी आहे का? तो म्हणेल, आहे. आणि ज्याने देवनागरीला हिंदी मानलं आहे तो म्हणेल, हिंदी आहे! युनिकोडने यावर उपाय देऊन ठेवलेला आहे. प्रत्येक चिन्हाची लिपी कोणती, की ते सामायिक आहे, याची नोंद त्याच्यापाशी तयार आहे. ती वाचायची सोडून पट्टे मोजत बसणं हा निव्वळ आळस.

लिपी झाली, आता भाषा. धारवाडात अंबिकातनयदत्त म्हणजे द. रा. बेंद्रे राहत. त्यांच्या घरची भाषा मराठी आणि कविता कन्नड; मराठीतही लिहीत. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्र्यांना आणि त्याच सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जी. एं.च्या 'काजळमाया'ला. एका गावचे दोघे. आडनावावरून भाषा ओळखणाऱ्यांनी या दोन नावांवर आपली अक्कल चालवून पाहावी. धारवाडात कुलकर्णी, देशपांडे, जोशी, इनामदार ही आडनावं कन्नड घरांत जितकी सहज सापडतात तितकीच मराठी घरांत. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, कन्नडच्या उद्धारासाठी. स्थापन करणारे होते रा. ह. देशपांडे.

आणि त्यांना तो संघ काढावा का लागला, हेही सांगायला हवं. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. कचेरीत मराठी, शाळेत मराठी. कन्नड बोलणाऱ्या पोरांनी मराठीत धडे गिरवले. कागदपत्रं मोडीत लिहिली जात, आणि मोडीत फक्त मराठीच लिहिली गेली असंही नाही, कन्नडसुद्धा मोडीत लिहिल्याचे दाखले आहेत. वॉल्टर एलियट आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली तेव्हा कुठे ते चित्र पालटू लागलं. म्हणजे कचेरीतल्या कागदावरची अक्षरं पाहून रयतेची भाषा ठरवायची, हा उद्योग संगणकाने सुरू केलेला नाही. तो आपल्या लोकांनी केला, आणि तेव्हा फायदा आपला होता म्हणून आपल्याला खटकला नाही. आज तीच पट्टी आपल्या पाठीत बसते आहे, म्हणून मी बोंब मारतो आहे, हे मला मान्य आहे. पण चूक ती चूकच.

मी गोव्याचा, मराठीत लिहिणारा. तेव्हा आमच्या अंगणातला केरही काढतो. कोकणी देवनागरीत लिहिली जाते, रोमीत लिहिली जाते, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि केरळात मल्याळम लिपीतही लिहिली गेली आहे. भाषा एक, लिप्या अनेक. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. तरीही आमच्या मराठीच्या गोटात कित्येक वर्षं एक युक्तिवाद चालायचा: देवनागरीत लिहिता ना, मग ती मराठीच की! मीही तरुणपणी तो टाळ्या घेत केला आहे. आज तो माझ्याच तोंडावर कुणी तरी फेकला आहे: देवनागरीत लिहितोस ना, मग ती हिंदीच की! आणि कोकणीवाल्यांनी तरी काय केलं? १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोकणीची व्याख्याच 'देवनागरी लिपीतली कोकणी' अशी केली. तियात्र आणि रोमी पुस्तकं वाचत वाढलेल्या माणसाची कोकणी कायद्याच्या चौकटीबाहेर उभी राहिली. कायदा काय आणि प्रोग्रॅम काय, दोघांनीही तीच ओळ लिहिली: अमुक अक्षरं असतील तरच अमुक भाषा.

कुणी हुशार माणूस सुचवील की ळ शोधा. ळ दिसला की मराठी, नाही तर हिंदी. छान. मग कोकणीचं काय? तिच्यातही ळ आहे. म्हणजे अक्काला वाचवण्यासाठी माझ्या शेजारच्या कोकणी माणसाला मराठीच्या खात्यात ढकलायचं. आणि मराठीतली असंख्य छोटी वाक्यं ळ वाचून असतात, त्यांचं काय? आडवाटेने जाल तिथे कुणाच्या तरी पायावर पाय पडतो.

भाच्याचा बचाव मात्र मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणाला, "मामा, काहीतरी धरून चालावंच लागतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांत हिंदीवाले सगळ्यात जास्त. अंदाज करायचा तर त्यांचाच करणार ना? रिकामं ठेवलं तर यंत्र काहीच वाचणार नाही. तेही अक्काला नको."

मोठा मजकूर असेल तर अंदाज शब्दांवरून करा, हे माझं पहिलं उत्तर. 'आहे' वारंवार येत असेल तर मराठी, 'है' येत असेल तर हिंदी, 'आसा' येत असेल तर कोकणी. हे शास्त्र चांगलं प्रगत आहे. लेखभर मजकूर हाती असताना नुसत्या लिपीवर निकाल देणाऱ्याला दया दाखवू नये. दुसरं, दोन-चार शब्दांचाच तुकडा असेल तर खरंच कळत नाही. 'कुलकर्णी, धारवाड' एवढ्या मजकुराला भाषाच नाही. तिथे 'माहीत नाही' हे उत्तर द्यायची यंत्राला मुभा असली पाहिजे. आणि ते उत्तर आलं की ज्याची भाषा आहे त्या माणसाला विचारा. एकदा विचारा, लक्षात ठेवा, पुन्हा छळू नका. तिसरं, बहुसंख्यांचा अंदाज प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकतो. हिंदीवाल्याच्या बाबतीत तो कधी चुकणार नाही. मराठी, कोकणी, नेपाळी, डोगरी, मैथिलीवाल्याच्या बाबतीत रोज चुकेल. तीच तीच माणसं रोज चुकीची ठरत असतील तर त्याला अंदाज म्हणत नाहीत.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "तुमच्या पानावर भाषा काय नोंदवली आहे, मामा?"

"म्हणजे?"

त्याने माझंच पान उघडलं आणि त्याच्या पोटातला मजकूर दाखवला. प्रत्येक पानाच्या वरती भाषा सांगायची एक जागा असते. मी आयता साचा घेतला होता, त्यात इतकी वर्षं लिहिलेलं होतं: इंग्रजी. वाचकहो, मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या या लेखकाने आपलं प्रत्येक पान जगाला इंग्रजी म्हणून सांगितलं होतं! 'बरह' आणि 'गमभन'च्या काळापासून आम्ही मराठीत टंकतो म्हणून मिरवलं. 'बरह' या कन्नड शब्दाचा अर्थ लिखाण, आणि त्या कन्नड साधनावर आमच्यातल्या कित्येकांची पहिली मराठी अक्षरं उमटली. पण लिहिल्यावर 'हे मराठी आहे' एवढं दोन अक्षरी सांगणं कुणी केलं नाही. ती जागा भरलेली असती तर अ‍ॅपने ऐकलं असतं की नाही, ते अ‍ॅप जाणे. निदान माझी बाजू तरी साफ असती.

तेव्हा आपण काय करायचं ते सांगतो. पानं लिहिणाऱ्यांनी भाषेची जागा तपासावी आणि तिथे मराठीची खूण घालावी. मोबाइलमध्ये वाचनाच्या आवाजाची भाषा मराठी निवडावी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलमध्ये आपण बसून निवडून द्यावी. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या पोरांना, ती पुण्यात असोत, पणजीत असोत की हुबळीत, एवढंच विचारावं: बाबा रे, तुझा तुकडा अक्षरं ओळखतो की भाषा? अक्षरं ओळखत असेल तर नावातही तसंच लिही.

भाच्याने ते केलं. 'हिब्रू आहे का' काढून 'हिब्रू लिपीतली अक्षरं आहेत का' असं लांबलचक नाव ठेवलं, आणि भाषेसाठी वेगळी जागा केली, जिच्यात 'माहीत नाही' हेही उत्तर चालतं. बरोबरचे लोक लांब नावाला हसले म्हणे. हसू द्यात.

अक्काच्या मोबाइलवर आता मराठी आवाज आहे. परवा तिने तोच लेख पुन्हा ऐकला. "आता काळ आला बघ," म्हणाली. मग थोडं थांबून, "पण त्या बाईचा चमचा मात्र फार छान होता रे."